केशरी नारळाचा प्रसाद

मांद्र्यात समीक्षाला तिच्या नावाने ओळखणारी माणसं थोडी. "आली गो किड्यांची बाय!" असं कुणी ओरडलं की वाड्यावरच्या बायका जनेलांतून डोकी बाहेर काढत आणि हसत. हसणारच की! चांगली बीएस्सी झालेली पोरगी, हातात पिवळी बालदी, गळ्यात भिंग, आणि काम काय, तर लोकांच्या माडांखाली उभं राहून वर टकमक बघायचं. एखादा कवाथा, म्हणजे हाताला लागेल असा लहानगा माड दिसला की त्याचं मिटलेलं पान हलकेच उलगडायचं, आत डोकवायचं, "काही नाही" म्हणायचं आणि पुढच्या घरी जायचं. आता "काही नाही" म्हणायला कुणी पगार देतं हे कुणाला पटेल? पाववाला पोदेर तर एकदा सायकल थांबवून म्हणाला होता, "बाय, मी सकाळी उठून पाव विकतो तेव्हा पोट भरतं. तुझं बरं आहे, किडा नाही मिळाला तरी भागतं!"

समीक्षा हे सगळं हसण्यावारी न्यायची. तिचं माहेर दोडामार्गाकडचं, वडील डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या तेव्हा घरात काय दिवस आले ते तिने बघितलं होतं, त्यामुळे पगाराच्या कामाला नावं ठेवायची तिला सवय नव्हती. शिवाय तिचा त्या कामावर जीव होता. बाहेरून आलेला किडा एकदा बागांत मुरला की तो मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. त्याला पकडायचा तो पहिल्या दोन-चार झाडांवर असतानाच. म्हणून ती घरोघर तेच तेच सांगायची, "उलटून बघा. देठाशी बघा. उजेडात धरून बघा. वेगळं काही दिसलं तर मला हाक मारा." बायका मान डोलवायच्या आणि तिची पाठ वळली की तिची नक्कल करायच्या.

तेव्हा सगळा शोध चालला होता तो एका चपट्या, तांबूस डोक्याच्या भुंग्याचा. त्याचं खरं नाव एवढं लांबलचक की गावाने सरळ 'कोंबकिडा' करून टाकलं. माडाचं नवं पान मिटलेलं असतं तेव्हाच हा घड्यांत शिरतो आणि आतला हिरवा भाग खरवडून खातो. पान उघडतं ते करपलेलंच. अशी पानं एकामागून एक यायला लागली की तो माड गेला समजायचं. गोव्यात तो अजून कुणाला दिसला नव्हता, आणि दिसला तर पहिल्यांदा आपल्यालाच दिसावा अशी समीक्षाची इच्छा होती. इच्छा पुरी झाली, पण ती कशी, तेच सांगायचं आहे.

तिचे सासरे शांताराम. सरकारी बसवर कंडक्टर म्हणून सारा जन्म पेडणे-पणजी रस्त्यावर काढलेला माणूस. उभ्या आयुष्यात कुणाला सुट्ट्या पैशांवरून बोलले नाहीत. सून बीएस्सी आहे हे त्यांनी लग्नाआधीच अर्ध्या तालुक्याला सांगून ठेवलं होतं, आणि शेतीखात्यातल्या या नोकरीसाठी तिला पणजीला घेऊन गेले ते तेच. बायको वारल्यापासून त्यांचं एकच वेड उरलं होतं, चतुर्थीची माटोळी. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातलं, बागेतलं जे जे पिकतं ते बांधायचं. कांगणं, कवंडळं, आंबाडे, सुपारीची शिपटी, नारळ. शांतारामांची माटोळी बघायला लोक डिचोलीहून यायचे. आणि तिचा एक कडक नियम होता, त्यांच्या आईपासून चालत आलेला. माटोळीची वस्तू देवाला दाखवण्याआधी हुंगायची नाही, चाखायची नाही, नखाने टोकरायचीही नाही. नवरीचं तोंड बघावं तशी ती आधी देवानेच बघायची.

मागच्या चतुर्थीला त्यांनी कमालच केली. मुलगा दत्तप्रसाद टेंपो चालवायचा. तो दक्षिणेकडून फर्निचर घेऊन येताना एका रोपवाटिकेतून केशरी नारळ घेऊन आला. साधेसुधे नव्हेत, कोंब आलेले! हातभर उंच मिटलेली पानं, खाली केशरी नारळ. चार नारळ, माटोळीच्या चार कोपऱ्यांना चार. "देवाच्या डोक्यावर माडाची बाग," शांताराम लहान मुलासारखे हसत म्हणाले.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नव्हेच ती. चतुर्थीआधीचे ते दिवस समीक्षा सीमेवरच्या नाक्यावर होती. बाहेरून येणाऱ्या रोपांच्या गाड्या थांबवून तपासायचं काम. पानन् पान उलटून बघायची, ड्रायव्हर लोक शिव्या घालायचे तरी सोडायची नाही. त्याच नाक्यावरून दत्तप्रसादचा टेंपो आला. त्याने हॉर्न मारला, हात हलवला. तिच्याबरोबरचा निखिल हसून म्हणाला, "घरचीच गाडी, जाऊ दे." तिने पण हात हलवला. आत माटोळीचं सामान आहे हे तिला माहीत होतं. माटोळीचं सामान ही तपासायची वस्तू असते असं तिच्या मनात आलंच नाही. कुणाच्याच आलं नसतं.

माटोळी बांधताना मात्र एका कोंबाच्या पानावर तिला तपकिरी रेघ दिसली. गाडीत घासलं असेल, असं वाटलं. तरी सवयीने हात वर गेलाच, घडी उलगडायला. तेवढ्यात शांताराम शिडीवरून ओरडले, "हात लावू नको गो! देवाचां तां!" तिने हात मागे घेतला. सासऱ्यांचा शब्द होता, सणाचा दिवस होता, कोण वाद घालणार?

विसर्जन झालं. माटोळीतली फळं प्रसाद म्हणून वाटायची असतात. शांताराम दरवर्षी धोतर नेसून, टोपली घेऊन स्वतः घरोघर जायचे. या वेळी केशरी कोंबांसाठी त्यांनी माणसं निवडून ठेवली होती. एक आपल्या दारात. एक देवळातल्या भटजींना. एक शेजारच्या यशोदाला, त्यांच्या चुलतभावाची विधवा ती. आणि चौथा, सगळ्यात तजेलदार, डिचोलीजवळच्या मुळगावला दिलेल्या लेकीला, सेजलला. सेजलला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी नुकताच मुलगा झाला होता. "देवाचा माड आहे, पोराबरोबर वाढव," असं सांगून त्यांनी तो तिच्या अंगणात स्वतःच्या हाताने लावला.

शिगमा जवळ आला आणि एक दिवस समीक्षाला यशोदाकाकीच्या माडाचा शेंडा करपलेला दिसला. नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला वर चढवून तिने मिटलेलं पान उतरवून घेतलं. उलगडलं. आत चपटा, तांबूस डोक्याचा एक भुंगा बसला होता, आणि त्याच्या बाजूला आणखी. तिने त्यांची चित्रं इतकी वेळा बघितली होती की ओळख पटायला क्षणसुद्धा लागला नाही. आधी तिला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झालाच. पाठोपाठ तो विरला, कारण यशोदाकाकी मागे उभी राहून विचारत होती, "कितें गो? काही नाही ना?"

तिने कळवलं तसे साहेब आले. प्रज्योत नाव त्यांचं, माणूस सज्जन. त्यांनी यशोदाकाकीचे माड बघितले आणि मान हलवली. तिन्ही कापावे लागणार होते. त्या तीन माडांवर ती बाई जगत होती. नारळ विकायची, चुडतांचे हीर काढून वाडवणी बांधायची आणि केर काढायच्या त्या वाडवणी पेडण्याच्या बाजारात नेऊन बसायची. शिवाय समुद्रावरच्या एका गेस्टहाऊसमध्ये झाडलोट करायची. बस्स, तिथेच लोकांना धागा मिळाला. गेस्टहाऊसवाल्याने परदेशी शोभेचे माड कुंड्यांतून आणले होते, आणि सुकलेली एक कुंडी यशोदाकाकीने घरी आणली होती. झालं! किडा तिनेच आणला. भिकेची कुंडी आणून वाड्याचे माड मारले. पाणी भरायला ती आली की बायका कळशा उचलून निघून जायच्या. "मी काय केलंय गो तुमचां?" ती विचारायची.

प्रज्योत साहेबांनाही ते पटण्यासारखं होतं. समुद्राकाठची गेस्टहाऊसं आणि त्यांच्या आजूबाजूच्या बागा तपासायचं त्यांनी ठरवलं. समीक्षालाही तेच वाटत होतं. मग ती यशोदाकाकीचं अंगण एकदा नीट बघायला गेली आणि कोपऱ्यातला प्रसादाच्या केशरी नारळाचा कवाथा तिला दिसला. त्याचं अगदी खालचं, सगळ्यात जुनं पान करपलेलं होतं. माडावरची खूण ताजी, कवाथ्यावरची कितीतरी जुनी. तिला माटोळीतल्या कोंबावरची ती तपकिरी रेघ आठवली.

घरी येऊन तिने आपल्या दारातला कवाथा उलगडला; देवाचा म्हणून आजवर या कवाथ्यांना तिने हात लावला नव्हता. आत तेच.

तिने आधी नवऱ्याला सांगितलं. दत्तप्रसादच्या तोंडचं पाणीच पळालं. "अगं, मी आणलेले ते!" मग हळू आवाजात म्हणाला, "गप्प राहा. आपला कवाथा मी जाळतो. काकीचे माड तर कापणारच आहेत, कुणामुळे ते सांगून काय परत उगवणार आहेत? बाबांना कळलं तर ते अंथरूण धरतील. देवाचा प्रसाद आहे तो, समीक्षा."

त्या दिवशी तिने भाताला मीठ दोनदा घातलं. शांतारामांकडे बघायची तिची हिंमत होईना. ज्या माणसाने आपल्याला नोकरीला लावलं, त्याच्याच टोपलीतून किडा घरोघर गेला, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? पण यशोदाकाकीचं तोंड डोळ्यांसमोरून हलेना. आणि त्याहून मोठं एक होतं. सगळे जण समुद्राकाठी शोधणार होते. मुळगावला कुणी जाणार नव्हतं. सेजलच्या सासरी माडांचं आणि पोफळींचं कुळागर होतं, त्याला लागून दुसरं, त्याला लागून तिसरं. तिथे किडा मुरला तर डिचोलीभर पसरायला कितीसा वेळ?

दुसऱ्या दिवशी शांताराम चहात उंडो पाव बुडवून खात होते तेव्हा ती समोर जाऊन बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं.

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कप मेजावर आदळला. "माझ्या माटोळीक किडो होतो म्हणतंय तू? देवाच्या डोक्यावर होतो तो नारळ! तू किडे बघून बघून देवातही किडे बघायला लागलीस!" तिने उलगडलेलं पान पुढे धरलं. त्यांनी बघितलं नाही. "हुंगायचं नाही, टोकरायचं नाही, हे तुला सांगितलं होतं. तेव्हापासूनच तुझ्या मनात होतं!"

"होतं, बाबा," ती म्हणाली. "तेव्हाच बघितलं असतं तर काकीचे माड वाचले असते. तुमच्या शब्दाला मान दिला म्हणून मी हात मागे घेतला. आता सेजलच्या बाबतीत मी हात मागे घेणार नाही."

शांताराम उठून देवळाकडे निघून गेले. समीक्षा पदराने डोळे पुसत तशीच बसून राहिली. मग तिने प्रज्योत साहेबांना फोन लावला आणि एकही गोष्ट न लपवता सांगितली. किडा आपल्या घरातून गेला, आपल्या नवऱ्याने आणला, नाक्यावर त्याचा टेंपो आपण तपासला नाही. सूर्य कलेपर्यंत सगळ्या वाड्याला कळलं होतं.

सकाळी ती निघायच्या तयारीत होती तर शांताराम ओसरीवर उभे. आंघोळ केलेली, चतुर्थीचं धोतर नेसलेले, हातात तीच प्रसादाची टोपली. रात्रभर झोपले नसावेत. "चल," एवढंच म्हणाले.

"बाबा, तुम्ही कशाला? मी जाते साहेबांबरोबर."

"दिलेलं मी आहे. परत मीच मागायला हवं."

आधी भटजींकडे. त्यांचा कवाथा गुरांनी पावसातच खाऊन टाकला होता, तिथे काही उरलं नव्हतं. मग यशोदाकाकीकडे. तिचे माड कापायला माणसं आली होती, दोऱ्या बांधून झाल्या होत्या. शांताराम अंगणात जाऊन हात जोडून उभे राहिले. त्यांना बघून काकीचा बांध फुटला. "माका चोर केलात रे सगळ्यांनी! तुझ्या दारातसून पाणी नेऊची मी, आणि तूच आणून दिलास तो! देवाचो म्हणून मी त्याला रोज दूधपाणी घालीत होते, भाऊ!" शांतारामांनी वाकून तो कवाथा मुळासकट उपटला आणि समीक्षाने पुढे केलेल्या पिशवीत भरला. पहिला माड पडला तेव्हा ते तिथेच होते.

मुळगावला पोचेपर्यंत दुपार झाली. सेजल पोराला कडेवर घेऊन बाहेर आली. बापाला धोतरात आणि टोपलीसकट बघून तिला वाटलं, काही शुभकार्यच निघालं. "बाबा! वयनी! बघा तर माझा माड केवढा झाला!" तुळशीशेजारी तो कवाथा उभा होता, बाजूने विटांचं आळं, त्याला चुना लावलेला. समीक्षा गुडघ्यांवर बसली. मधलं पान तिने इतक्या हळू उलगडलं की शेजारी उभ्या माणसाला आपला श्वास ऐकू यावा. आत दोन भुंगे होते.

मग तिने आणि साहेबांच्या माणसांनी कुळागर पालथं घातलं. माड चढले, कवाथे उलगडले, शेजारच्या बागाही बघितल्या. कुठे काही नव्हतं. किडा अजून त्या चुना लावलेल्या आळ्याबाहेर पडलेला नव्हता. प्रज्योत साहेबांनी समीक्षाच्या पाठीवर थाप मारली. डिचोलीचे माड वाचले होते, आणि ते तिने वाचवले होते. पण अंगणात सेजल पोराला छातीशी धरून रडत होती आणि तिचा बाप पोराबरोबर वाढवायचा तो माड उपटत होता. समीक्षाला त्या थापेचं काहीच वाटलं नाही.

या वर्षी चतुर्थी आली. शांताराम माटोळी करणार नाहीत असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांनी केली. लहानशी, आपल्याच रानातल्या जिनसांची. सामान ओसरीवर मांडलं आणि आत हाक मारली, "समीक्षा, भिंग घेऊन ये." ती एकेक कांगण, एकेक शिपटं उचलून बघत होती, आणि देवाआधी माणसाची नजर पडतेय ती बघवत नाही म्हणून ते भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिचं "झालं, बाबा" ऐकल्यावर मगच शिडीवर चढले.

विसर्जनानंतर टोपली घेऊन निघाले. समीक्षा मुद्दाम बरोबर गेली. कुणी दार बंद केलं नाही, हे खरं सांगायला हवं. पहिल्या घरच्या बाईने "बरं केलंत, भाऊ" म्हणत केळं घेतलं. घेतलं आणि उलटलं. देठाशी बघितलं. उजेडात धरलं. मग डोक्याला लावलं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी म्हाताऱ्या सासूने चष्मा मागवला. कुणाच्या मनात पाप नव्हतं, टोमणा नव्हता. समीक्षाने वर्षानुवर्षं घसा कोरडा करून जे सांगितलं ते वाडा अखेर शिकला होता. तिला आनंद व्हायला हवा होता. तिला रडू येत होतं.

शेवटचं घर यशोदाकाकीचं. अंगणात माडांचे तीन बुंधे होते, त्यातल्या एकावर ती निवडण घेऊन बसली होती. शांतारामांना बघून उठली. त्यांनी आंबाडा पुढे केला. ती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. काय दिसलं तिला कोण जाणे, पण तिने तो आंबाडा न बघता, न उलटता, सरळ तोंडाकडे नेला. इतक्या महिन्यांचा सगळा राग तिने तिथे सोडून दिला असावा.

शांतारामांनी तिचा हात धरला.

"नको, वयनी," ते म्हणाले. "आधी बघून घे."

यशोदाकाकीने आंबाडा उलटला, देठाशी बघितलं, उजेडात धरला. तिचं बघून होईपर्यंत शांताराम टोपली घेऊन खाली मान घालून उभे राहिले.